गरम पत्र्याखालची झील

परतूरच्या स्टेशनामागं एक जुनं जिनिंग आहे. कापसाचं काम कधीच गावाबाहेरच्या नव्या कारखान्यात गेलं, यंत्रं विकली गेली आणि उरलं एक लांबलचक पत्र्याचं गोडाऊन. आढ्याला अजून कापसाचे पुंजके लटकलेले आहेत. कितीही झाडलं तरी सरकीचा तेलकट वास हटत नाही. एप्रिलात दुपारी पत्रा तापला की वरून टक टक असा आवाज येत राहतो. याच गोडाऊनात तिघांनी आपला बँड सुरू केला आणि त्याचं नाव ठेवलं 'गरम पत्रा'. नावासाठी कुणाला फार डोकं खाजवावं लागलं नाही.

तिघं म्हणजे कल्याण, शिवशंकर आणि शालू. कल्याण गाणी लिहायचा आणि गायचा. तो आष्टीला एका खताच्या दुकानात कामाला होता, आणि जिनिंग त्याच्या चुलत्याचं, अप्पारावांचं, म्हणून जागा मिळालेली. शिवशंकर गिटार वाजवायचा आणि चाली बांधायचा. शालू ही शिवशंकरची धाकटी बहीण, ड्रमवर. त्यांचे वडील रायभान धनगरी ओव्या म्हणत, तेव्हा ठोक्याचं अंग तिला घरातूनच मिळालं होतं. पोरगी आणि ड्रम म्हटल्यावर गावानं आधी नाकं मुरडली, मग एकदा गॅदरिंगला ऐकलं आणि गप्प बसलं. एरवी ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करायची. रक्ताच्या नळीवर नाव, तारीख, वेळ लिहिल्याशिवाय ती नळी रॅकमध्ये ठेवत नसे, आणि नाव नसलेली नळी सरळ परत पाठवायची. तिचा भरवसा असल्या गोष्टींवर होता.

भांडण झालं ते चालीवरून. जानेवारीत कल्याणनं त्यांचं एक गाणं इंटरनेटवर टाकलं आणि खाली लिहिलं, 'शब्द, संगीत, आवाज : कल्याण'. चाल शिवशंकरची होती, तीही वडिलांच्या ओवीतून घेतलेली. कल्याण म्हणाला, घाईत राहून गेलं. शिवशंकर म्हणाला, घाईत दर वेळी माझंच नाव बरं राहतं. त्यावर कल्याणचं डोकं फिरलं.

"माह्या शब्दाबिगर तुही चाल म्हंजे नुसतं मेंढरामागचं वरडणं हाय," तो म्हणाला.

हे बोलायला नको होतं, आणि ते त्याला त्याच क्षणी कळलं. पण माफी मागायला जीभ रेटेना. शिवशंकरनं गिटारची वायर काढली, गुंडाळली आणि तो निघून गेला. त्या दिवसापासून दोघांचा अबोला. परतूर केवढंसं गाव, पण बाजारात समोरासमोर आले तरी एक जण चपला बघायचा आणि दुसरा आभाळ.

शालूला मात्र बँड हवा होता. ड्रमवर बसली की आपण कुणाची बहीण, कुणाची मुलगी, कोणत्या घरच्या, हे काही तिच्या डोक्यात राहायचं नाही. ही जागा ती दोन तापट माणसांच्या एका वाक्यापायी सोडणार नव्हती. मे महिन्यात जालन्यात नव्या बँडांचा कार्यक्रम होणार होता, आणि त्यासाठी तीस एप्रिलच्या आत एक नवं कोरं गाणं पाठवायचं होतं. तिनं दोघांना वेगवेगळं गाठलं.

"बोलू नका एकमेकांशी," तिनं सांगितलं. "पण गाणं झालंच पायजे."

तिनं वार वाटून दिले. सोमवार, बुधवार, शुक्रवार कल्याणचे. मंगळवार, गुरुवार, शनिवार शिवशंकरचे. रविवार तिचा. लॅपटॉप गोडाऊनातच राहील. ज्यानं त्यानं आपल्या दिवशी संध्याकाळी पाचला यायचं, तातेराव वॉचमनकडून किल्ली घ्यायची, आधीचं ऐकायचं, त्यावर आपलं गायचं किंवा वाजवायचं आणि जायचं. दुसऱ्याचं पुसायचं नाही. दुसऱ्याबद्दल तिला विचारायचं नाही.

"मी तुमची पोस्टमन न्हाई," ती म्हणाली.

लॅपटॉपच्या पडद्यावर प्रत्येकाची एक आडवी ओळ असायची. कल्याणची तांबडी, शिवशंकरची निळी, शालूची पिवळी. पहिल्या सोमवारी कल्याणनं दोनच ओळी गाऊन ठेवल्या:

घे तुझं तू, माझं मी घेतो,
मधे उरलं ते कोण नेतो?

मंगळवारी शिवशंकरनं त्याला गिटारवर उत्तर दिलं. गोड काही नाही, तीनच सूर, तेही दात खाऊन ओरबाडलेले. बुधवारी कल्याणनं आवाज चढवला. गुरुवारी शिवशंकरनं त्याच्या आवाजाच्या मधोमध गिटार घुसवली. रविवारी शालूनं हेडफोन लावून सगळं ऐकलं आणि तिला हसू आवरेना. गेल्या तीन वर्षांत गोडीगुलाबीनं केलेली सगळी गाणी यापुढं अळणी होती. तिनं काड्या उचलल्या आणि दोघांच्या मधे असे ठोके टाकले की कुणालाच माघार घेता येऊ नये.

दुसऱ्या रविवारी पडद्यावर चौथी ओळ होती. हिरवी.

नवा आवाज आला की लॅपटॉप आपणहून नवा रंग देतो, त्यात नवल नव्हतं. शालूनं ती ओळ ऐकली. कल्याणची ओळ संपली की कुणीतरी तिचे शेवटचे दोन शब्द उचलत होतं. 'कोण नेतो.' बस एवढंच. धनगरी ओवीत मुख्य गाणाऱ्याच्या ओळीचं शेपूट मागचे लोक असंच उचलतात, त्याला झील धरणं म्हणतात. आवाज पुरुषाचा, माईकपासून जरा लांबून आलेला. सुरात बिलकुल चूक नव्हती. पण त्यात राग नव्हता, मजा नव्हती, काहीच नव्हतं.

दादा विरघळला, असं शालूला वाटलं. बापाची झील त्यानं रॉकमध्ये आणून बसवली, आणि काय बसवली! संध्याकाळी घरी तो जेवायला बसला तेव्हा तिनं स्वतःचाच नियम मोडला.

"दादा, झील झकास धरली तू."

शिवशंकरचा घास हातातच राहिला. "मी कशाला धरू? त्यानंच आपल्या आवाजावर आवाज चढवलाय. आबाची नक्कल करून राह्यला तो. करू दे. मी पण दाखवतो त्याला."

दुसऱ्या दिवशी तिनं लॅबमधून कल्याणला फोन लावला.

"तुह्या भावाची नाटकं आहेत," कल्याण म्हणाला. "मी मेंढरामागचं म्हणलो ना, म्हणून मलाच झील ऐकवतोय. मी ती ओळ बंद करून गातो. सांग त्याला." मग जरा थांबून म्हणाला, "न्हाई, नको सांगू."

म्हणजे दोघंही नाही म्हणत होते, आणि दोघांचीही खात्री होती की हे काम दुसऱ्याचंच. एका शब्दानं विचारलं असतं तर शंका फिटली असती. पण विचारणार कोण, दोघांचा अबोला. आणि शालूला दोन्हीकडचं माहीत असून ती गप्प राहिली. कारण त्या आठवड्यात शिवशंकरनं जे वाजवलं आणि कल्याणनं जे गायलं, ते दोघांनाही पुन्हा जमलं नसतं. नाव नसलेली नळी परत पाठवणाऱ्या मुलीनं ही एक नळी रॅकमध्ये ठेवून घेतली. चूक तिचीच होती, आणि ती तिला तेव्हाही कळत होती.

बुधवारी लॅबमधून घरी जाताना ती जिनिंगवरून गेली. गेटपाशी कल्याणची मोटारसायकल उभी होती. तातेराव लिंबाखाली खाटेवर बसले होते.

"बरं झालं माय," ते म्हणाले. "बोलाया लागले दोघं."

"कोण दोघं, मामा?"

"आतले. एक म्हणतो, दुसरा उचलतो. काल शिवा आल्ता तव्हाबी तसंच."

"काल दादाबरोबर कोण आल्तं?"

तातेरावांनी तोंड उघडलं, मग मोटारसायकलकडं पाहिलं. एकच होती. "किल्ली तर एकट्यानंच नेल्ती त्यानं," ते म्हणाले आणि उगाच खाटेची दोरी ओढत बसले.

शालू आत गेली. कल्याण कानाला हेडफोन लावून, डोळे मिटून गात होता. गोडाऊनात त्याच्याखेरीज कोणी नव्हतं आणि दुसरा आवाजही नव्हता. ती दारातच थांबली. त्याच्यामागं लॅपटॉपच्या पडद्यावर तांबडी ओळ पुढं सरकत होती. तिच्याखाली हिरवीही सरकत होती. माईक एकच जोडलेला होता.

वायरमध्ये दोष असेल, असं तिनं ठरवलं. एकाच माईकचा आवाज दोन ओळींत जात असेल. लॅबमध्येही यंत्रं असं काही करतात, दुसरी वायर लावली की ठीक होतं. गुरुवारी सकाळी कामावर जाण्याआधी तिनं नवी वायर लावली आणि हातासरशी फक्त हिरवी ओळ ऐकून पाहिली. आवाज कल्याणचा नव्हता. पण वायर बदलली होती, आणि तिनं तो विषय तिथंच संपवला.

तिसऱ्या रविवारी, एकोणीस तारखेला, गाण्याचं शेवटचं कडवं तेवढं राहिलं होतं. कल्याणला शब्द सुचले नव्हते. त्यामुळं तिथं तांबडी ओळ कोरी होती, निळीत गिटारचे सूर होते आणि पिवळीत शालूचा ठोका. हिरवी ओळ मात्र कोरी नव्हती. कल्याणची दुसरी ओळ जिथं संपली असती, बरोबर तिथं दोन शब्द होते.

'दार लावतो.'

शालूनं ते चार वेळा ऐकलं. मग वहीत लिहून ठेवलं : रविवार, एकोणीस एप्रिल, दुपारी चार वाजून दहा मिनिटं, दार लावतो. लिहिलं की तिला जरा बरं वाटायचं.

बुधवारी दुपारी लॅबमध्ये तिच्या फोनवर कल्याणचा निरोप आला. आष्टीच्या बसमध्ये आत्ताच सुचलं, त्यानं लिहिलं होतं. खाली शेवटचं कडवं होतं:

तुझ्या सुरावर पाय ठेवतो,
माझ्याच तोंडावर दार लावतो.

तिनं वही काढून तारीख पाहिली. मग तिनं हात धुतले, पुन्हा एकदा धुतले, आणि उरलेल्या नळ्या तशाच ठेवून घरी आली.

संध्याकाळी तिनं रविवारीच फोनवर घेतलेली हिरवी ओळ वडिलांना ऐकवली. रायभान ओसरीवर बसले होते. त्यांनी फोन कानाला धरला, डोळे बारीक केले आणि शेवटपर्यंत ऐकलं.

"झील मागून येती, पोरी," ते म्हणाले. "हे तर पुढं जाऊन बसलंय."

"कुणाचा आवाज हाय, आबा?"

"वळखीचा वाटतो. पन नाव न्हाई येऊ राह्यलं."

"मी पुसून टाकते ते."

"मंग झील कोन धरील?"

"रॉकमध्ये झील नसती, आबा," ती हसून म्हणाली. हसू तिचं तिलाच पटलं नाही. रायभान हसले नाहीत. त्यांनी फोन परत दिला आणि हात धोतराला पुसला.

त्या रात्री तिनं ठरवून टाकलं. तिला भीती वाटत होती, हे तिनं स्वतःपाशी कबूल केलं. पण भीतीपायी गाणं सोडायचं आणि भीतीपायीच गप्प राहायचं, ही दोन्ही कामं तिला आता करायची नव्हती. तिनं दोघांना एकच निरोप पाठवला. रविवारी बाराला दोघं या. न्हाई आलात तर ड्रम खोलून घरी नेते आणि सगळं गाणं पुसते.

दोघंही आले. कल्याण खांबाला टेकून उभा राहिला, शिवशंकर उंबऱ्यापाशी. पत्रा तापला होता आणि वरून टक टक चालू होतं. शालूनं हिरवी ओळ तेवढी मोठ्या आवाजात लावली.

कोण नेतो. कोण नेतो. दार लावतो.

दोघांनी एकाच वेळी एकमेकांकडं बोट केलं.

मग दोघांचीही बोटं हळूहळू खाली आली.

"शिवा," कल्याण म्हणाला. साडेतीन महिन्यांत पहिल्यांदा. "मायची आन. मी न्हाई."

"मी पण न्हाई, कल्याण."

कुणी हललं नाही. बाहेरून मालगाडी गेली. ती जाईपर्यंत तिघंही थांबले.

"मी ते मेंढराचं बोललो," कल्याण शेवटी म्हणाला, "ते लई वंगाळ बोललो. चुकलो."

"व्हय. चुकला तू," शिवशंकर म्हणाला. त्यानं नाक पुसलं. "पन तुह्या आवाजाबिगर माही चाल माह्याच डोक्यात बसत न्हाई. काय करू?"

शालूच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्यासाठीच तर हा सगळा खटाटोप होता. तिनं लॅपटॉप पुढं ओढला, हिरवी ओळ निवडली आणि पुसली. नक्की पुसायचं का, असं पडद्यानं विचारलं. तिनं हो म्हटलं.

"आता एकदाच," ती म्हणाली. "तिघं मिळून. जल्दी करा, नांदेडची गाडी यायच्या आत."

ते वाजवायला लागले.

ओळ संपली की दोन ठोक्यांची जागा मोकळी राहत होती. झील गेली होती, तिची जागा तेवढी राहिली होती. दर वेळी तिघंही त्या जागेत श्वास रोखायचे.

कोणी काही उचललं नाही.

माझ्याच तोंडावर दार लावतो.

दोन ठोके. काही नाही.

शालूनं शेवटचा ठोका दिला आणि झांजेवर हात ठेवला. पडद्यावर तीनच ओळी होत्या. कल्याण मटकन खाली बसला आणि हसायला लागला, मग शिवशंकरही, आणि हसता हसता दोघांनी एकमेकांचे खांदे धरले. गाणं त्याच दुपारी जालन्याला गेलं. आठ दिवसांनी निवड झाल्याचा फोन आला.

आता दोघं दिवसदिवस एकत्र असायचे. कल्याणनं इंटरनेटवरचं नाव दुरुस्त केलं. तो घरी आला की बायनाबाई, शालूची आई, त्याला जेवल्याशिवाय सोडायची नाही. एकानं वाक्य सुरू करावं आणि दुसऱ्यानं संपवावं, इतकी गट्टी.

"उद्या जरा लवकर येतो," कल्याण म्हणायचा.

"लवकर येतो," शिवशंकर म्हणायचा.

"जुळे झाले जनू," बायनाबाई कौतुकानं म्हणायची. शालूलाही कौतुकच वाटलं. जुन्या मित्रांचं असं होतंच. शिवशंकर कल्याणच्या वाक्याचे फक्त शेवटचे दोन शब्द उचलतो, हे तिच्या लक्षात यायला एक आठवडा गेला. उचलताना त्याच्या आवाजात राग नसतो, मजा नसते, काहीच नसतं, हे लक्षात यायला आणखी दोन दिवस.

मंगळवारी सकाळी शिवशंकर खिडकीत पाठमोरा बसून गिटारला नवी तार चढवत होता. शालू लॅबला निघाली होती.

"नऊला निघू," शिवशंकर म्हणाला.

"कुठं?"

"काय?"

"आत्ता म्हणलास ना, नऊला निघू."

"मी कुठं काय म्हणलो?" त्यानं मान वळवून पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर खरोखरच काही नव्हतं. तो पुन्हा तारेकडं वळला.

तिनं चपला घातल्या. तेवढ्यात फोन वाजला. कल्याण होता.

"शालू, जालन्याहून निरोप आल्ता. स्टेजवर एकदा वाजवून पाहायला बोलावलंय परवा. तिघं जाऊ. सकाळी नऊला निघू."

शालू भावाच्या पाठीकडं पाहत राहिली. चिमट्यात धरलेली तार शांतपणे एकेक वेढा घेत होती.

तिचं मन पक्कं झालं. या दोघांत बसून ती आता एक ठोकाही वाजवणार नव्हती, मग बँड राहो की मोडो. हे आत्ताच्या आत्ता, स्पष्ट सांगून टाकायचं. कल्याण, मी येणार न्हाई. तिनं मनात शब्द जुळवले आणि श्वास घेतला.

"येणार न्हाई," शिवशंकर खिडकीकडं तोंड करून म्हणाला.

फोनमधून कल्याणनं विचारलं, "शालू? ऐकू येऊ राह्यलं का?"

शालूनं अजून तोंड उघडलं नव्हतं.